धान्यातील बुरशी आणि आपली मूत्रपिंडे

आपल्या संस्थेच्या कोठीत दरवर्षी सुगीनंतर गावोगावचे धान्य येते. कोणी पायलीभर ज्वारी आणून देतो, कोणी गव्हाचे पोते उतरवतो, कोणी मका, कोणी तूर, तर कोणी भुईमुगाच्या शेंगा. या धान्यावर उत्सवाचा महाप्रसाद होतो, अडल्यानडल्या कुटुंबाच्या घरी चूल पेटते आणि परगावी शिकणाऱ्या मुलांच्या जेवणाला हातभार लागतो. दान देणाऱ्याचे नाव कोठीच्या वहीत लिहिले जाते. परंतु ते धान्य कसे होते, हे मात्र वहीत लिहिण्याची पद्धत आजवर नव्हती.

गेल्या पावसाळ्यात कोठीच्या भिंतीला ओल आली आणि खालच्या थरातील काही पोत्यांना बुरा लागला. पोती उघडून पाहिली तेव्हा दाणे एकमेकांस चिकटलेले, कुबट वासाचे आणि कोठे हिरवट, कोठे पिवळसर झालेले दिसले. त्या वेळी आम्हां कार्यकर्त्यांत चार मते पडली. एकाने म्हटले, धान्य धुऊन उन्हात वाळवावे, काही बिघडत नाही. दुसऱ्याने म्हटले, तव्यावर भाकर भाजली की बुरशी जळून जाते. तिसऱ्याने म्हटले, माणसांना नको तर जनावरांना आणि कोंबड्यांना घालावे. चौथ्याने जे म्हटले ते लिहिताना संकोच वाटतो, पण लपविण्यात अर्थ नाही, तो म्हणाला, "फेकून देण्यापेक्षा मागायला येणाऱ्यांस द्यावे, त्यांच्या पोटात तरी पडेल." यात दुष्टपणा नव्हता. अन्न हे पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला दाणा वाया जाताना पाहवत नाही, इतकेच.

या चारही मतांचा विचार करण्याच्या निमित्ताने आम्ही या विषयातील माहिती गोळा केली, जाणकार डॉक्टरांशी बोललो आणि जे कळले ते या स्मरणिकेद्वारे सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. विषय वैद्यकाचा असला तरी तो आपल्या खळ्याचा, कोठीचा आणि स्वयंपाकघराचा आहे.

बुरशी आणि तिचे विष

बुरशी ही एक अतिसूक्ष्म वनस्पतीसारखी दिसणारी, परंतु वनस्पती नव्हे अशी सजीव सृष्टी आहे. तिचे बीजाणू हवेत, मातीत, बारदानात, सर्वत्र असतात. दाणा कोरडा असेल तर ते निपचित पडून राहतात. ओल आणि ऊब मिळाली की रुजतात व दाण्यावर आपला संसार थाटतात. सर्वच बुरशी घातक नसते. पेनिसिलीनसारखे जीवदान देणारे औषध बुरशीनेच दिले आहे. परंतु काही जाती वाढत असताना अशी द्रव्ये निर्माण करतात की जी माणसाला व जनावराला विषासमान ठरतात.

या विषांकडे जगाचे लक्ष प्रथम जोराने वेधले गेले ते १९६० साली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी मेले. शोध घेता असे आढळले की, त्यांना घातलेली भुईमुगाची ढेप बुरसलेली होती. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते मुख्यतः यकृताचा नाश करते. या शोधामुळे इतर बुरशींचीही झडती सुरू झाली आणि १९६५ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी अॅस्परजिलस ऑक्रेशियस नावाच्या बुरशीतून आणखी एक विष वेगळे काढले. या बुरशीचा रंग गेरूसारखा पिवळसर, म्हणून तिचे ते नाव. आणि त्यावरून विषाचे नाव पडले ऑक्राटॉक्सिन ए. हे विष यकृतापेक्षा मूत्रपिंडावर आघात करते. आमच्या लेखाचा मुख्य विषय हेच होय.

ऑक्राटॉक्सिन थंड देशांत पेनिसिलियम वर्गातील एक बुरशी गहू व जव यांवर तयार करते. उष्ण देशांत ते काम अॅस्परजिलस वर्गातील बुरशी करतात. गहू, मका, ज्वारी, तांदूळ यांसारखी धान्ये, कॉफी, मनुका, सुकी मिरची, हळद, सुंठ, जायफळ अशा अनेक पदार्थांत ते सापडलेले आहे. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ज्वारीचे कणीस काढणीच्या वेळी पावसात सापडले की दाणा काळा पडतो, हे आपल्या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात आली, लवकर पिकणाऱ्या अशा जातींचे प्रमाण वाढले आणि कणीस पावसातच तयार होऊ लागल्याने हे संकट अधिक जाणवू लागले. परंतु ही शेतातली बुरशी बहुधा निराळ्या जातीची असते. ऑक्राटॉक्सिनची बुरशी मुख्यतः काढणीनंतर, म्हणजे धान्य नीट न वाळवता पोत्यात भरल्यावर आपले काम करते. म्हणजे हा दोष आभाळाचा कमी आणि कोठीचा अधिक.

मूत्रपिंडाचे काम

विष मूत्रपिंडातच का साचते, हे कळण्यासाठी त्या अवयवाचे काम थोडे समजून घेतले पाहिजे.

कमरेच्या वरच्या बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोहों अंगांना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम. एवढ्याशा या जोडीकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा सतत जात असतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात व प्रत्येक गाळणीला एक लांब, वळणावळणाची नळी जोडलेली असते. चोवीस तासांत या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. एवढे पाणी शरीराबाहेर गेले तर माणूस तासाभरात सुकून जाईल. म्हणून त्या नळ्या गाळलेल्या पाण्यातील बहुतेक सारे पाणी, मीठ, साखर आणि उपयोगी द्रव्ये पुन्हा रक्तात ओढून घेतात आणि लिटर-दीड लिटर लघवी तेवढी बाहेर सोडतात.

नळीचा गाळणीलगतचा पहिला भाग या कामात सर्वांत कष्टाळू असतो. तो दुहेरी काम करतो. एका बाजूने उपयोगी वस्तू परत घेतो, तर दुसऱ्या बाजूने रक्तातील नकोशी आम्ले व औषधे उचलून लघवीत टाकतो. बाजारच्या मंडीत जसा हमाल एका दाराने पोती आत आणतो आणि दुसऱ्या दाराने बाहेर काढतो, तसेच हे काम. आणि याच हमालाच्या पाठीवर ऑक्राटॉक्सिन बसते.

विष साचते कसे

अन्नातून पोटात गेलेले ऑक्राटॉक्सिन आतड्यातून रक्तात शिरते. रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते. त्याला हे विष इतके घट्ट चिकटते की शंभरातील नव्व्याण्णव भाग चिकटलेल्या अवस्थेतच राहतात. अल्ब्युमिनचा कण मोठा, तो मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहसा जात नाही. त्यामुळे त्याच्या आश्रयाला गेलेले विषही गाळले जात नाही. ते रक्तात फिरत राहते. यकृतातून पित्तात उतरलेले थोडे विषही आतड्यातून पुन्हा शोषले जाते, म्हणजे दारातून काढलेला पाहुणा खिडकीतून परत येतो.

जे थोडे विष मोकळे असते त्याला नळीतील ते कष्टाळू पेशीचे हमाल नकोसे आम्ल समजून रक्तातून उचलतात आणि आपल्या पोटात घेतात. इथवर ठीक; परंतु पुढे लघवीत टाकलेल्या विषाचा काही भाग नळीचे पुढचे भाग पुन्हा परत ओढून घेतात. अशा रीतीने आत घेणे जलद आणि बाहेर टाकणे सावकाश, असा व्यवहार होतो. जमा अधिक आणि खर्च कमी असलेल्या वहीत शिल्लक वाढतच जाते. तीच गोष्ट मूत्रपिंडाच्या पेशीत घडते.

हे विष अंगातून किती हळू जाते याचे मोजमाप झालेले आहे. उंदरात ते काही दिवसांतच निम्मे होते. डुकरात तीन-चार दिवस लागतात. माणसात मात्र, एका स्वयंसेवकाने स्वतःवर करू दिलेल्या मोजणीत, रक्तातील विष निम्मे होण्यास सुमारे ३५ दिवस लागले. याचा अर्थ काय, ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, एखाद्याच्या भाकरीतून रोज थोडेसे, सारखेच विष पोटात जाते. पहिले विष निम्मे होण्यापूर्वीच त्यावर चौतीस दिवसांची भर पडलेली असते. असे सहा महिने चालले तर त्याच्या अंगात साधारण पन्नास दिवसांच्या खुराकाएवढे विष कायम मुक्कामाला राहते. उलट, त्याने ते धान्य आजच बंद केले तर ३५ दिवसांनी निम्मे, ७० दिवसांनी पाव आणि सहा महिन्यांनी जवळजवळ नाहीसे होते. पहिली गोष्ट भीतीची असली तरी दुसरी आशेची आहे.

इजा होते कशी

ऑक्राटॉक्सिनच्या रेणूत फेनिलअॅलनिन नावाचा एक घटक असतो. हाच घटक आपल्या शरीरातील प्रथिने बांधताना विटेसारखा वापरला जातो. पेशीतील गवंडी ही वीट समजून विषाला हात घालतो आणि त्याचे काम खोळंबते. प्रथिने बांधण्याची गती मंदावते. त्याचबरोबर पेशीला शक्ती पुरविणाऱ्या सूक्ष्म भट्ट्या बिघडतात आणि पेशीत दाहक प्राणवायूचे कण वाढून तिचे अंतरंग पोळते. ज्या पेशी अधिक विष ओढून घेतात त्यांनाच अधिक मार बसतो. म्हणजे सर्वांत कष्टाळू भागाचाच प्रथम बळी जातो.

मेलेल्या पेशींच्या जागी काही नव्या येतात. परंतु मार सतत बसत राहिला तर नळ्या सुकतात, त्यांच्यामधल्या जागेत व्रणासारखा चिवट तंतू वाढतो आणि मूत्रपिंड हळूहळू आक्रसते. सुरुवातीला लघवी दाट करण्याची शक्ती कमी होते, रात्री वारंवार उठावे लागते, लघवीत थोडी साखर किंवा बारीक प्रथिने उतरतात. दुखत मात्र काहीच नाही. रक्तातील क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचे काम पारखतात, तेही साधारण निम्मी शक्ती जाईपर्यंत फारसे वाढत नाही. म्हणून हा रोग पाहुण्यासारखा दार वाजवून येत नाही, वाळवीसारखा येतो.

प्राण्यांवरील प्रयोगांत या विषाने मूत्रपिंडाचा कर्करोगही झालेला आढळल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ साली ते "माणसास कर्करोगकारक असण्याचा संभव" या वर्गात घातले.

डेन्मार्कची डुकरे आणि डॅन्यूबकाठची गावे

हे सारे केवळ प्रयोगशाळेतील तर्क नव्हेत. डेन्मार्क देशात १९२८ साली एका पशुवैद्याने वर्णन केले की, बुरसलेले धान्य खाल्लेल्या डुकरांची मूत्रपिंडे फिकट व सुजलेली दिसतात. त्या वेळी कारणाचा पत्ता नव्हता. ऑक्राटॉक्सिनचा शोध लागल्यावर तेथील संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, हे विष चारले असता डुकरांत हुबेहूब तोच रोग होतो. तेथे कत्तलखान्यात मूत्रपिंड पाहून आणि विष मोजून मांस नापसंत करण्याची व्यवस्था झाली.

माणसाची गोष्ट इतकी सरळ नाही आणि येथे अतिशयोक्ती टाळणे हे आमचे कर्तव्य आहे. युरोपात डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी, आजच्या बल्गेरिया, सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया व रुमानिया या देशांत, काही ठरावीक गावांतील शेतकरी पिढ्यान् पिढ्या मूत्रपिंडाच्या रोगाने दगावत. १९५० च्या दशकात या रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. एका घरात रोग, शेजारच्या घरात नाही. गावात रोग, पलीकडच्या गावात नाही. डुकरांचा रोग पाहून अनेकांनी बोट ऑक्राटॉक्सिनकडे दाखविले आणि कित्येक वर्षे तेच कारण मानले जात होते. पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मुख्य गुन्हेगार निराळा ठरविला. गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या अॅरिस्टोलोकिया नावाच्या तणाचे बी गव्हाबरोबर दळले जाई आणि त्यातील आम्ल मूत्रपिंडाचा घात करी.

ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगितली, याचे कारण त्या तणाची भावंडे आपल्याकडेही आहेत. काळ्या मातीच्या शेतात पसरणारी किडामारी ही त्याच कुळातली, आणि ईश्वरी किंवा सापसंद या नावाने ओळखली जाणारी वेलही त्याच कुळातली. जंतावर, तापावर, विंचूदंशावर तिचा पाला वा मूळ देण्याची चाल खेड्यापाड्यांत आहे. तिच्यातही ते आम्ल असते. मूत्रपिंडाचा कायमचा बिघाड व मूत्रमार्गाचा कर्करोग या दोहोंशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. म्हणून ही वनस्पती पोटात घेऊ नये, लहान मुलांस तर मुळीच देऊ नये, अशी आमची विनंती आहे.

ऑक्राटॉक्सिनपुरते बोलावयाचे तर, प्राण्यांत ते मूत्रपिंडाचा नाश करते हे पक्के ठरलेले आहे. माणसाच्या रक्तात ते अनेक देशांत आढळलेले आहे. परंतु अमुक रोग्याचा रोग केवळ त्यानेच झाला, असे सिद्ध करणे कठीण जाते. विस्तव आहे की नाही याचा वाद चालू असताना गंजीजवळ काडी ओढू नये, एवढे शहाणपण त्यावरून घ्यावे.

आपल्या देशाचा अनुभव

बुरसलेल्या धान्याने आपल्या देशातही माणसे दगावली आहेत. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत आदिवासी गावांमध्ये काविळीची साथ आली. ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. त्या वर्षी अवकाळी पाऊस पडून मका ओला राहिला आणि घराघरांत तसाच साठविला गेला होता. त्याच घरांतली कुत्रीही त्याच रोगाने मेली. कारण ठरले अफ्लाटॉक्सिन. १९९५ साली आंध्र व कर्नाटकातील दख्खनच्या पठारावर अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी व मका खाऊन अनेक गावांत पोटदुखी व हगवण पसरली. तेथे फ्युमोनिसिन नावाचे दुसरे बुरशीविष सापडले. दोन्ही प्रसंगी आजारी पडली ती गरीब घरे. ज्यांच्याजवळ दुसरे धान्य होते त्यांनी खराब धान्य बाजूला ठेवले. ज्यांच्याजवळ नव्हते त्यांनी ते खाल्ले.

जपानसारख्या सुधारलेल्या देशातही २०२४ साली, लाल यीस्टच्या तांदळापासून केलेल्या आरोग्यवर्धक गोळ्या खाऊन अनेकांची मूत्रपिंडे बिघडली. तयार होताना मालात निळ्या बुरशीचा शिरकाव झाला होता आणि त्या बुरशीचे प्युबेरुलिक आम्ल मूत्रपिंडाच्या नळ्यांना घातक ठरले.

आणि आपल्या शेजारची जखम तर अजून ओली आहे. २०२५ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या काळात छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे बंद पडून दगावली; त्यांपैकी कित्येकांना उपचारासाठी आपल्याच बोरगाववरून जाणाऱ्या रस्त्याने नागपुरास नेले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे कारखान्यात वापरावयाचे द्रावण मिसळलेले निघाले. ते बुरशीचे विष नव्हते, आणि दोन्हींची गल्लत करू नये. ते विष दिवसांत मारते. बुरशीचे विष वर्षे घेते. परंतु दोहोंचा धडा एकच आहे: विश्वासाने दिलेली आणि विश्वासाने घेतलेली वस्तू कोणीतरी तपासलेली असावी लागते.

किती चालते?

आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत गहू, जव व राय यांच्या एक किलोत ऑक्राटॉक्सिन २० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, अशी मर्यादा आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा क्विंटल गव्हात २० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीभर मिठाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी! आंतरराष्ट्रीय संहितेची मर्यादा तर किलोस ५ मायक्रोग्रॅम आहे. आता दुसरी बाजू पाहा. जागतिक तज्ज्ञ समितीने माणसाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे आठवड्याला ०.१ मायक्रोग्रॅम एवढेच विष सुसह्य मानले. पन्नास किलो वजनाच्या माणसास आठवड्याला ५ मायक्रोग्रॅम. तोच माणूस रोज ४०० ग्रॅम धान्य खात असेल तर आठवड्याचे २.८ किलो झाले. आणि ते सारे धान्य २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेला टेकलेले असेल तर पोटात गेले ५६ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुसह्य मापाच्या अकरा पट! बाजारचे बहुतेक धान्य या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते, हे खरे. पण ज्याचे जेवण म्हणजे भाकर आणि भाकरच, त्याला खराब धान्याचा धोका सर्वांत अधिक, हे या हिशेबातून स्पष्ट होते. लहान मुलाचे वजन कमी, म्हणून त्याचे माप आणखी लहान.

चार मतांची उत्तरे

आता कोठीतील त्या चार मतांकडे येऊ.

धुऊन वाळवावे काय? धुतल्याने वरची बुरशी व थोडे विष जाते. दाण्यात मुरलेले जात नाही. उन्हाने बुरशीची वाढ थांबते, परंतु झालेले विष राहते. साप मेला म्हणून त्याने ओकलेले विष नाहीसे होत नाही.

भाजल्याने जळते काय? बुरशी मरते, ऑक्राटॉक्सिन मात्र उष्णतेला दाद देत नाही. भाकर, पोळी, भात यांच्या आचेने ते थोडेफार कमी झाले तरी नष्ट होत नाही. कॉफीसारख्या कडक भाजलेल्या पदार्थातही त्याचा अंश उरतो.

जनावरांना घालावे काय? मोठ्या गाई-बैलांच्या पोटातील सूक्ष्म जंतू ऑक्राटॉक्सिनचे बरेचसे विघटन करतात, हे खरे. पण वासरांत ती शक्ती नसते. कोंबड्या व डुकरे तर या विषाला फार हळवी. शिवाय एका पोत्यात एकच बुरशी असते असे नाही. अफ्लाटॉक्सिन असलेले धान्य किंवा ढेप गाईने खाल्ली तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि दूध आपल्याच मुलाच्या वाटीत येते.

आणि चौथे, गरिबास द्यावे काय? याचे उत्तर वरच्या हिशेबानेच दिलेले आहे. जो दुसरे काही खाऊ शकत नाही त्यालाच ते सर्वांत अधिक बाधेल. जे आपण आपल्या ताटात घेणार नाही ते दान नव्हे.

घरी व खळ्यावर काय करावे

धान्य उघड्या जमिनीवर न वाळवता ताडपत्रीवर वाळवावे व संध्याकाळी दव पडण्यापूर्वी झाकावे. ज्वारी, गहू, मका यांत १२ टक्क्यांच्या आसपास आणि भुईमुगाच्या शेंगांत ८ टक्क्यांपर्यंत ओल राहील इतके ते वाळले पाहिजे. यंत्र नसेल तर मिठाची परीक्षा करावी. कोरड्या काचेच्या बरणीत तिसऱ्या हिश्शाइतके धान्य घ्यावे, त्यात दोन चमचे अगदी कोरडे मीठ टाकावे, मिनिटभर हलवावे आणि पाव तास ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांहून अधिक आहे. पोते भरू नये. चिकटले नाही तरी आणखी एक-दोन उन्हे द्यावीत.

गरम धान्य लगेच भरू नये. थंड होऊ द्यावे. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावीत आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. किडीपासून जपावे, कारण सोंडे दाणा पोखरतात, धान्यात ऊब व ओल वाढवितात आणि बुरशीला वाट करून देतात. कडुनिंबाचा पाला किडीला थोडा अटकाव करतो, ओलीला नाही. जुन्या बारदानात नवे धान्य भरण्यापूर्वी ते झटकून कडक उन्हात तापवावे. फुटके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे व शेंगदाणे निवडून टाकावेत. निवडणे हे आपल्या आयाबहिणींचे जुने काम. त्याला आज शास्त्राने दुजोरा दिला आहे. मिरची, हळद आणि सुंठही धान्याइतकीच कोरडी असावी. कुबट वास येणारे पीठ वापरू नये. मात्र डोळ्यांना दिसत नाही म्हणून विष नाहीच, असे समजू नये. म्हणूनच वाळविण्यावर भर.

शेवटी एक गोष्ट. मूत्रपिंडाच्या रोगाचे खापर एकट्या बुरशीवर फोडू नये. मधुमेह व रक्तदाब ही त्याची सर्वांत मोठी कारणे आहेत, आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने वर्षानुवर्षे खाणे हे आणखी एक. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिन तपासून घ्यावे. तपासणीचा खर्च थोडा. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा नागपूरच्या वाऱ्या करणाऱ्या कुटुंबाची ओढाताण आपण पाहिली आहे.

आमचा संकल्प

ती पोती आम्ही कोणासही दिली नाहीत. गावाबाहेर खड्डा खणून पुरली. पुरताना ज्याने चौथे मत दिले होते त्यानेच पहिले फावडे मारले, हे येथे नमूद करण्यास आनंद वाटतो.

महोत्सवाच्या या वर्षापासून कोठीच्या वहीत दात्याच्या नावापुढे आणखी एक रकाना राहील: "धान्य वाळलेले व निवडलेले". मिठाची बरणी कोठीच्या दाराशी ठेवली जाईल आणि दात्यासमोरच परीक्षा होईल. कोणास त्यात अपमान वाटू नये. ओले धान्य आलेच तर ते परत न पाठविता कार्यकर्ते स्वतः वाळवून देतील. बुरसलेले मात्र स्वीकारले जाणार नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या या मातीने, ती पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होती तेव्हा आणि २०२३ पासून तिचा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हाही, आपल्या संस्थेस कधी धान्याची वाण पडू दिली नाही. आता त्या धान्याची राखण नीट करणे एवढेच आपल्या हाती आहे. आणि सभासद कुटुंबांनी आपापल्या घरी तेच करावे, ही नम्र विनंती.